मला कुठे फिट येतात?

आमच्या दुकानात जिला सगळे ‘फिटची गोळी’ म्हणतात, ती नेणाऱ्यांमध्ये फिट येणारे थोडेच. बहुतेकांचे तळपाय जळत असतात. कुणाची बरगडीवरची नागीण बरी होऊन तीन महिने झालेले असतात, पण तिथे बनियनसुद्धा सहन होत नाही. कुणाला ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगितलेलं असतं. गोळी एकच, गॅबापेंटिन. घरी गेल्यावर मुलाने मोबाईलवर नाव टाकलं की पहिली ओळ दिसते ती अपस्माराची. मग संध्याकाळी तेच गिऱ्हाईक परत काउंटरवर.

मागच्या पावसाळ्यात अशाच एक बाई आल्या. नवरा बाहेर स्कूटरवर पाय टेकवून बसलेला. “दादा, चिठ्ठी बदलली तर नाही ना कुणाची? ह्यांना शुगर आहे, बारा वर्षं. फिट कधीच आली नाही. मी काही ही गोळी दिली नाही अजून.” पाकीट आठ दिवस फ्रिजवर पडून होतं आणि आठ रात्री तो माणूस तळव्यांची आग शमावी म्हणून गार फरशीवर पाय ठेवून झोपायचा प्रयत्न करत होता. डॉक्टरांची काही चूक नव्हती. दोन वाक्यं सांगायची तेवढी राहून गेली होती.

ती दोन वाक्यं इथे जरा पसरून सांगतो. औषधाच्या दुकानात सव्वीस वर्षं गेली, पण मी डॉक्टर नाही. औषध कुठलं, किती आणि कधीपर्यंत, हे त्यांनीच ठरवायचं. मात्र हातात पडलेली गोळी काय आहे आणि ती आपल्याला कशासाठी दिली आहे, हे विचारून घेणं तुमच्याकडे लागलं.

फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशींचा एक घोळका ताळतंत्र सोडून एकाच वेळी संदेश फेकायला लागतो. नसेचं दुखणं वरून वेगळं दिसतं, आतून त्याच घराण्यातलं. मधुमेहाने किंवा नागिणीच्या विषाणूने नस दुखावली की जखम नसतानाही ती चटका बसल्याची खबर वर पाठवत राहते. पाय भाजत नसतो, पाय भाजतोय अशी आवई उठलेली असते. गॅबापेंटिन या बडबडीचा आवाज खाली आणतं. नसपेशीच्या टोकाला कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. कॅल्शियम आत आलं की पेशी पुढच्या पेशीकडे उत्तेजक रसायनं सोडते. गॅबापेंटिन त्या दारांच्या ‘अल्फा-२-डेल्टा’ नावाच्या भागाला चिकटतं, दार पुरतं उघडत नाही आणि निरोप कमी जातात.

यातली गंमत अशी की हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मेंदूत ‘गाबा’ नावाचं शांत करणारं रसायन असतं. त्याच्यासारखा रेणू तयार केला तर फिट आवरता येईल या हिशेबाने जर्मनीतल्या गोडेके कंपनीत १९७० च्या दशकात हे औषध घडवलं. नावही त्यावरूनच पडलं. पुढे कळलं, की गाबाच्या जागेवर ते बसतच नाही. निशाणा एका झाडावर धरला आणि आंबा दुसऱ्याच झाडाचा पडला. अमेरिकेत १९९३ च्या अखेरीस त्याला फिटवर, तेही दुसऱ्या औषधाच्या जोडीला, मंजुरी मिळाली. नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी मिळाली २००२ मध्ये.

म्हणजे ‘फिटची गोळी’ हे तिचं जन्मनाव झालं, काम दोन्हीकडचं. डोक्यात काही बिघाड आहे म्हणून ती दिली असं नव्हे, आणि ती घेतल्याने फिट यायला लागतात हेही खोटं. अचानक बंद केली तर मात्र येऊ शकतात. त्याकडे पुढे येतोच.

आता, दुखणं नसेचं आहे हे ओळखायचं कसं? माणसं जे शब्द वापरतात त्यातच निम्मं निदान असतं. आग होते, मुंग्या येतात, टाचण्या टोचल्यासारखं होतं, करंट बसल्यासारखी चमक जाते, नुसती चादर घासली तरी झोंबतं. रात्री जास्त. आणि एक खूण लोक सांगत नाहीत, विचारावी लागते: चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. आग आणि बधिरपणा दोन्ही एकाच पायात नांदू शकतात. याउलट गुडघा जिना चढताना दुखतो, बसलं की थांबतो, सांध्याला सूज आहे, तर ते बहुधा या गोळीचं गिऱ्हाईक नव्हे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या मुख्यतः सुजेवर काम करतात. म्हणून त्या गुडघ्याला उतार देतात आणि तळव्याच्या आगीपुढे हात टेकतात. असली गोळी दोन-दोन वर्षं रोज खाऊन मूत्रपिंड दुखावून घेतलेले मधुमेही मी पाहिलेत, आणि तळव्यांची आग होती तिथेच होती.

लागू किती पडते? इथे मी मुद्दाम आकडा सांगतो, कारण अवाजवी आशा आणि अवाजवी निराशा दोन्ही मला रोज दिसतात. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. नागिणीनंतरच्या किंवा मधुमेहाच्या नसदुखीत पुरेशा डोसने दहातल्या तीन-चार जणांचं दुखणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालं. खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या दहातही जवळपास दोघांना तेवढाच आराम पडला. म्हणजे औषध खरं आहे, पण जादू नाही. दहापैकी सहा-सात जणांना तेवढा उतार पडत नाही, आणि तसे तुम्ही असाल तर त्यात तुमचा दोष नाही. डॉक्टरांकडे दुसरी औषधं आहेत.

‘मणक्यात गॅप’ म्हणून ही गोळी सुरू झाली असेल तर मात्र एक प्रश्न जरूर विचारा: “किती आठवड्यांनी आपण ठरवायचं, चालू ठेवायची की नाही?” साध्या कंबरदुखीत हिचा उपयोग होतो याला पुरावा लंगडा आहे. हिची धाकटी बहीण प्रिगाबालिन. सायटिकावर तिची ऑस्ट्रेलियात नीट चाचणी घेतली, २०१७ मध्ये निकाल छापून आला, आणि खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही, चक्कर तेवढी जास्त आली. औषध सगळ्याच दुखण्यांवर चालतं अशी हवा तयार होण्याला इतिहासही आहे. मंजुरी नसलेल्या आजारांसाठी या औषधाचा प्रचार केल्याबद्दल अमेरिकेत वॉर्नर-लॅम्बर्ट कंपनीने २००४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि प्रकरण मिटवायला ४३ कोटी डॉलर भरले. मंजुरीपलीकडे औषध वापरणं दरवेळी चूक नसतं, डॉक्टर विचार करून तसं वापरतात. पण ‘कशासाठी’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन प्रश्न विचारायला लाजू नका.

नागिणीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे तिच्याभोवती भीतीच फार. लहानपणी कांजिण्या आलेल्या असतात, त्या बऱ्या झाल्या तरी विषाणू जात नाही, मणक्याशेजारच्या नसांच्या मुळाशी झोपून राहतो. उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि एका नसेच्या वाटेने पुरळ उठतं. नस शरीराच्या एकाच बाजूची, म्हणून नागीण साधारणपणे मधल्या रेषेपाशी थांबते. ‘तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो’ ही म्हण म्हणून ठीक आहे. भिण्यासारखं आहे ते वेगळंच. मंत्र घालणारा आणि गेरू लावणारा शोधण्यात पहिले तीन दिवस जातात, आणि विषाणूवरची गोळी ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यात चांगली. डोळ्याजवळ पुरळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खपल्या पडून तीन महिने झाले तरी आग जात नसेल, तर ते नागिणीमागचं नसेचं दुखणं, आणि तिथे गॅबापेंटिन आपल्या हक्काच्या जागी असतं. पन्नाशीपुढच्यांसाठी नागीण टाळणारी लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस, महाग आहे, पण माझ्या आईचं नागिणीचं दुखणं पाहिल्यावर मी स्वतः ती घेतली.

आता पाकीट हातात घ्या. सुट्या गोळ्या मागितल्या की आम्ही कात्रीने पट्टी कापतो. नाव एका तुकड्यावर जातं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि तुमच्या डब्यात येतो तो नुसता चांदीचा कागद. ही गोळी पूर्ण पट्टी घ्या, किंवा नाव असलेला तुकडा मागून घ्या. नावाच्या शेपटीला लावलेली अक्षरं वाचा. ‘एम’ असेल तर बहुधा सोबत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चा एक प्रकार. ‘एनटी’ असेल तर आत नॉरट्रिप्टिलिन हे दुसरं औषध आहे, जुन्या पिढीतलं नैराश्यावरचं, नसेच्या दुखण्यालाही चालतं. त्याने तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, लघवी अडू शकते. प्रोस्टेटचा त्रास असेल, काचबिंदू असेल, हृदयाची लय बिघडलेली असेल, तर ही शेपटी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गिळू नका. ‘गॅबापेंटिनच तर आहे’ म्हणून साध्याच्या जागी एनटी घेणं किंवा उलटं करणं म्हणजे वेगळंच औषध घेणं.

दुसरी गल्लत प्रिगाबालिनशी. हाडाच्या डॉक्टरांनी एक दिलेली असते, मेंदूच्या डॉक्टरांनी दुसरी, आणि घरात दोन्ही चालू. दोघींचं काम एकाच जागी, म्हणून झोप आणि चक्कर दुप्पट. आकड्यावरही जाऊ नका. “ही ७५ ची आहे, हलकी, ती ३०० ची जोरदार” असं म्हणणारे भेटतात. प्रिगाबालिनचे ७५ आणि गॅबापेंटिनचे ३०० हे मिलिग्रॅम एका तराजूत घालता येत नाहीत.

माळकरी मंडळींची अडचण वेगळी. कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यापासूनचं. काहीजण ते उघडून पूड खातात, काहीजण न सांगता औषध सोडून देतात. तसं करू नका, सरळ बोला. हे औषध साध्या गोळीतही मिळतं, डॉक्टरांना विचारून बदलून घेता येतं. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर ती गोळी मोडायची, चावायची नाही.

साधी गोळी जेवणाआधी की नंतर याची चिंता सोडा, दोन्ही चालतं. पित्तासाठी पांढरं-गुलाबी पातळ औषध घेत असाल, अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं, तर त्यानंतर दोन तास थांबून गोळी घ्या, नाहीतर ती कमी शोषली जाते. सकाळच्या पँटोप्राझोलला हा नियम नाही.

शोषणाचा एक मुद्दा लोकांना पटवताना माझी नेहमी दमछाक होते. आतड्यातून रक्तात जायला गॅबापेंटिनला एक ठरावीक वाहन लागतं, आणि ते आपल्या वडापच्या जीपसारखं नाही, की चौदा जण आत कोंबले आणि दोघं मागे लटकवले. जागा भरल्या की उरलेले खालीच राहतात. दिवसाला ९०० मिलिग्रॅम तीन वेळा वाटून घेतलं तर सुमारे ६० टक्के रक्तात पोचतं. ३६०० घेतलं तर ३३ टक्के. डोस चौपट, लाभ चौपट नाही. म्हणून दिवसातून तीनदा घ्यायची. शिवाय पाच ते सात तासांत रक्तातलं निम्मं औषध निघून जातं. फिटसाठी घेत असाल तर दोन गोळ्यांमध्ये बारा तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. दुपारची राहिली तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. रात्री ‘भरपाई’ म्हणून दोन घेऊ नका.

माझी आई ७४ वर्षांची होती तेव्हा तिला डाव्या कुशीवर नागीण झाली. नंतरच्या आगीसाठी डॉक्टरांनी ही गोळी लिहिली, ३०० ची, दिवसातून तीन वेळा. मी स्वतः दुकानातून काढून दिली. चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून भिंत धरून बाहेर आली. देवासमोर बसली की माळ हातात आणि मान खाली. मला वाटलं, किती दिवसांची झोप राहिलीय बिचारीची, झोपू दे. सहाव्या रात्री ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली. बांगड्या फुटल्या, मनगट वाचलं.

मग मी कपाटातून तिचा तीन महिन्यांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट काढला. क्रिएटिनीन १.४, शेजारी बारीक चांदणी. तो मी तेव्हा पाहिलेला होता, ‘थोडंसं वाढलंय’ म्हणून ठेवूनही दिलेला होता. गॅबापेंटिनची मेख इथे आहे. हे औषध यकृतात मोडत नाही. जसं आत जातं तसंच लघवीवाटे बाहेर पडतं, सगळा भार मूत्रपिंडावर. ते हळू चालत असतील तर कालचं औषध शरीरात असतानाच आजचं येऊन बसतं.

नुसता क्रिएटिनीनचा आकडा फसवा असतो, म्हणून डॉक्टर एक हिशेब करतात. १४० मधून वय वजा करायचं, त्याला किलोतल्या वजनाने गुणायचं, मग ७२ गुणिले क्रिएटिनीन यांनी भागायचं. बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचं. चाळिशीचा, ७० किलोचा पुरुष घ्या, क्रिएटिनीन १.४. उत्तर येतं ६९. आईचं वजन ४८ किलो, क्रिएटिनीन तेच १.४. उत्तर २७. रिपोर्टवर दोघांचा आकडा एक, पण तिची मूत्रपिंडं त्याच्या निम्म्याहूनही कमी गाळत होती. ६० च्या वर असेल तर दिवसाला ९०० पासून पुढे, तीन वेळा वाटून. ३० ते ५९ मध्ये ४०० ते १४००, दोन वेळा. १५ ते २९ मध्ये २०० ते ७००, तेही एकदाच. आईला ९०० जात होतं. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवल्यावर त्यांनी गोळी रात्रीची एकच ठेवली आणि तिसऱ्या दिवशी ती भिंत न धरता चालायला लागली.

हा हिशेब डोस ठरवायला सांगितलेला नाही. घरात साठीपुढचं माणूस असेल, मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, तर चिठ्ठी लिहिण्याआधी क्रिएटिनीनचा रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि वजन सांगा, एवढ्यासाठी सांगितला. त्यांनी मागितला नाही तरी ठेवा. मी ठेवला नव्हता.

ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, असं ड्रायव्हर लोक म्हणतात. या गोळीचं तसंच. तब्येत ठणठणीत असलेल्याला साधारण रात्री ३०० पासून सुरू करतात, मग दोनदा, मग तीनदा, आणि गरजेप्रमाणे पुढे. म्हाताऱ्या माणसाला बरेचदा १०० पासून. पहिल्या दोन दिवसांत आग कमी झाली नाही म्हणून सोडणारे खूप. ही डोकं दुखलं की घ्यायची गोळी नव्हे. डोस पुरेसा चढायला आणि त्याचा अंदाज यायला काही आठवडे जातात. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करणारे त्याहून धोक्यात. अस्वस्थपणा, घाम, मळमळ, झोप उडणं, दुखणं उसळून येणं, आणि ज्यांना फिटचा आजार आहे त्यांना न थांबणारी फिट. नसदुखीसाठी घेत असाल तरी उतरायला किमान आठवडा, फिटसाठी असेल तर डॉक्टर महिनेही लावतील. पाकिटात चार दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढचं पाकीट आणायचं. वारीला, गावाला, लग्नाला निघताना गोळ्यांची पिशवी पाण्याच्या बाटलीइतकीच आठवणीने घ्यायची. चतुर्थी-एकादशीला गोळी सोडणारे आहेत. उपवास गोळीने मोडत नाही. चुकलेल्या गोळीने फिट मात्र येऊ शकते.

सुरुवातीला झोप आणि चक्कर बऱ्याच जणांना थोडीफार येते, पुढे बरीचशी ओसरते. तोवर दुचाकी नको, शिडी नको, विहिरीवर एकट्याने जाणं नको. रात्री न्हाणीघरापर्यंतचा दिवा चालू ठेवा, हे मी अनुभवाने सांगतो. पायांवर सूज येऊ शकते, वजन वाढू शकतं. सूज दिसली की घरचे हृदयाच्या काळजीने घाबरतात. कारण तपासून घ्यावंच, पण डॉक्टरांना या गोळीचं नाव आठवणीने सांगा. लहान मुलांमध्ये चिडचिड, आदळआपट दिसली तर ‘लाडावलंय’ म्हणू नका, तेही औषधाचं असू शकतं. मोठ्यांमध्ये फिटच्या सगळ्याच औषधांनी क्वचित मन खचतं, जीव नकोसा होतो. असं वाटलं तर गोळी स्वतः बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. अंगावर पुरळ, ताप आणि गाठी एकत्र आल्या तर सरळ दवाखाना.

एका जोडीबद्दल मी काउंटरवर हट्टाने विचारतो: सोबत ट्रॅमाडॉल आहे का? झोपेची गोळी? कोडीनचं खोकल्याचं औषध? संध्याकाळचा पेग? यातलं काहीही गॅबापेंटिनबरोबर गेलं तर श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल खास इशारा दिला, म्हातारी माणसं आणि जुना दम्यासारखा फुप्फुसाचा आजार असलेल्यांसाठी तर विशेषच. माणूस हलवूनही जागा होत नाही, श्वास संथ आणि खोल घोरल्यासारखा, ओठ निळसर, असं दिसलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. ‘शेजारच्या काकूंना लागू पडली’ म्हणून दोन गोळ्या देणंघेणं यासाठीच वाईट. त्यांच्या डब्यात आणखी काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

ज्यांना खरोखर फिट येतात त्यांच्याशी थोडं स्वतंत्र बोलतो. गॅबापेंटिन सगळ्या फिटवर चालत नाही. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटवर ते उपयोगी. क्षणभर शून्यात बघत राहणाऱ्या मुलाच्या फिटवर किंवा अंगाला नुसते झटके देणाऱ्या प्रकारात त्याने उलट बिघडूही शकतं. म्हणून फिट कशी येते याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना फार कामाचा. एक सोय या औषधात आहे: कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनसारखं ते गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करत नाही. मूल हवं असेल तर मात्र दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. दिवस राहिल्याचं कळताच घाबरून गोळ्या फेकून देणं सगळ्यात धोक्याचं. आणि घरच्यांनो, फिट आल्यावर कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा. लग्न जमवताना हा आजार लपवणाऱ्यांना आणि त्यावरून मोडणाऱ्यांना एक माहीत असू द्या: हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ मध्येच काढून टाकला आहे.

फेरतपासणीला जाताना “थोडं बरंय” एवढंच सांगू नका, डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकटीत गोळ्यांच्या खुणा आणि दुखण्याचा शून्य ते दहा असा आकडा लिहा, चक्कर आली तर ‘च’. पानाचा फोटो काढून न्या. आई शून्य ते दहाला काही राजी होईना. “दुखण्याला कसले मार्क?” म्हणाली. मग तिने स्वतःचं माप काढलं. पहिल्या पानावर सगळीकडे ‘बारा आणे’, ‘चौदा आणे’, एका अमावास्येला चक्क ‘सव्वा रुपया’. पुढच्या महिन्यात आठ आणे, सहा आणे. डॉक्टर ते वाचून हसले, पण डोस त्यावरूनच ठरवला. चार आण्यांवर तीन आठवडे टिकल्यावर त्यांनी ३०० ची १०० केली, मग एक दिवसाआड, मग बंद. त्या पानावर शेवटचं लिहिलंय ‘दोन आणे, चालेल’. त्याखालच्या चौकटीपासून पुन्हा दुधाचा हिशेब सुरू.